खाली येण्याचे पैसे

रायगडाच्या पायथ्याला राहणाऱ्यांना चढण्याचं फारसं कौतुक नसतं. चढतात ते पुण्या-मुंबईचे. पाठीला पिशवी, हातात काठी, आणि अर्ध्या वाटेवर सरबत विकणाऱ्या मावशींना ‘अजून किती राहिलं हो?’ असं काकुळतीनं विचारणं. आमच्या महाड तालुक्यातल्या गोष्टी बहुतेक उतरण्याच्या. हिरकणीचंच बघा. दूध घालायला ती गडावर कशी चढली, हे कुणी सांगत नाही. रोजच चढायची, त्यात सांगायचं काय? दरवाजे बंद झाल्यावर घरच्या तान्ह्यासाठी ती अंधारात कडा उतरली, म्हणून वर तिच्या नावाचा बुरूज आहे आणि खाली तिच्या नावाची वाडी. टकमक टोकाची गोष्ट निराळी. तिथून खाली जाणाऱ्याला कुणी मत विचारत नसे.

पण याच टकमक टोकाची दुसरी एक कथा आमच्याकडे जास्त प्रेमानं सांगतात. महाराज टोकावर उभे होते, मागे एक सेवक छत्री धरून उभा होता. वाऱ्याचा असा झोत आला की सेवक छत्रीसकट उचलला गेला. त्यानं दांडा काही सोडला नाही. तरंगत तरंगत तो खालच्या निजामपुरात अलगद उतरला, आणि तेव्हापासून त्या गावाला छत्री निजामपूर म्हणतात. दंतकथा आहे हे मलाही कळतं. छत्रीनं माणूस तरंगत नाही. पहिल्याच झोतात तिच्या काड्या उलट्या होतात, हे महाडच्या पावसात शाळेत जाणाऱ्या कुठल्याही पोराला विचारावं. मला गंमत वाटते ती गोष्ट रचणाऱ्याची. सेवक उडाला, हे तो एका वाक्यात उरकतो. सेवक धड उतरला, याच्यासाठी मात्र तो अख्ख्या गावाचं नाव खर्ची घालतो.

पोलादपूर तर घाट उतरून आलेल्यांचंच गाव. महाबळेश्वराकडून आंबेनळी उतरतो तो इथे, खेडकडून कशेडी उतरतो तोही इथे. कशेडीला आता बोगदा झाला, तरी आंबेनळी उतरून आलेल्या गाडीचा ड्रायव्हर अजून चहाच्या आधी चाकाजवळ जातो, वास घेतो, आणि मगच ‘एक कटिंग’ म्हणतो. कवींद्र परमानंदांची समाधी पोलादपुरात आहे, तानाजी मालुसऱ्यांची जवळच उमरठला. एवढी मोठी माणसं इथे विसावलेली, पण रस्त्यावरच्या माणसाचा पहिला विषय ब्रेक.

अशा मुलखात दर जत्रेला एक गृहस्थ ट्रकभर लोखंड घेऊन येतो आणि पोरांकडून उड्या मारायचे पैसे घेतो. हे मला फार दिवस पचत नव्हतं. उड्या आम्ही फुकट मारत आलो. भात झोडून झालं की पेंढ्याच्या ढिगात मारल्या, आणि मग रात्रभर कुसं टोचून अंग खाजवत बसलो. आजी शेजारी गेली की काथ्याच्या बाजेवर मारल्या. सावित्रीच्या डोहात मारल्या, त्याबद्दल घरी मार खाल्ला, पण पैसे कुणी मागितले नाहीत. मग या माणसानं फुकटच्या मालाला भाव कसा लावला? एकदा त्याच्या त्या सामानाकडे नीट बघत बसलो तेव्हा उलगडलं. उडीचे पैसे तो घेतच नाही. उडी पोराची स्वतःची, पोराच्याच पायांतली. तो पैसे घेतो खाली येण्याचे.

महाडचं ग्रामदैवत वीरेश्वर. महाशिवरात्रीच्या सुमारास त्याचा उत्सव असतो आणि छबिन्याच्या रात्री आसपासच्या गावांच्या देवतांच्या पालख्या त्याच्या भेटीला येतात. विन्हेऱ्याची झोलाई त्यांत मानाची. ढोल-सनई आणि खालूबाजा वाजत असतो, उंच सासनकाठ्या कमरेच्या शेल्यात रोवून माणसं नाचवत असतात. हा देवांचा भाग. पोरांचा भाग वेगळा असतो आणि तिथे देवांपेक्षा दिवे जास्त असतात: पाळणे, ब्रेक डान्स, मौत का कुआँ, हवा भरलेला मिकी माऊस, आणि एका कडेला जाळीच्या भिंतींचा मोठा पिंजरा. पोरं त्याला जंपिंग म्हणतात. ट्रॅम्पोलिन म्हणणारे एकतर इंग्रजी शाळेतले असतात, नाहीतर पनवेलहून आलेले. आमचा भाचा दोन्ही असल्यामुळे तो दुपारपासूनच ‘मामा, ट्रॅम्पोलिन’ असा जप करत होता. ऊन उतरायच्या आत मला ओढत मैदानात घेऊन गेला, तेव्हा जंपिंगवाला अजून सामान जोडत होता.

हे बघायला मिळालं ते बरं झालं. चौकट उभी होती. जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप एकमेकांत खुपसून केलेली. मधोमध जमिनीवर काळं कापड पसरलेलं. त्याच्या चारी कडांना नवारीसारखी जाड पट्टी दुमडून, तीन-तीनदा शिवण मारून, तिच्यात त्रिकोणी कड्या अडकवलेल्या. शेजारी घमेल्यात स्प्रिंगांचा ढीग. गडी एक स्प्रिंग उचलायचा, तिचं एक टोक कडीत अडकवायचा, दुसऱ्या टोकात लोखंडी आकडा घालायचा, चौकटीला पाय लावायचा आणि दात आवळून मागे झुकायचा. स्प्रिंग कुरकुरत लांब व्हायची आणि चौकटीच्या भोकात जाऊन बसायची. एक इकडे लावली की उठून दुसरी बरोबर समोरच्या बाजूला. मग डावीकडे. मग उजवीकडे. एवढी येरझार कशाला, हे मला कळेना.

‘‘भाऊ, एका बाजूनं ओळीनं लावत आलात तर लवकर नाही का होणार?’’

‘‘होईल की. पण मग शेवटच्या धा स्प्रिंगा ह्या जन्मात बसायच्या नाहीत.’’ त्यानं आकडा माझ्यापुढे धरला. ‘‘वढून बघा एक.’’

मी ओढून बघितली. ती फारशी हलली नाही, माझी चप्पल मात्र बरीच सरकली. भाचा हसला. जंपिंगवाला सभ्य माणूस, त्यानं हसू मिशीत ठेवलं.

बहुतेकांचा समज असा की ते काळं कापड रबरासारखं ताणतं म्हणून उडायला होतं. कापड जवळजवळ ताणत नाही. ताणतात त्या स्प्रिंगा. गादीतली किंवा सोफ्यातली स्प्रिंग दाबली जाण्यासाठी केलेली असते आणि तिचे वेढे एकमेकांपासून सुटे असतात. ही ओढली जाण्यासाठी केलेली, म्हणून वेढ्याला वेढा घट्ट चिकटलेला. पोलादी तार गुंडाळतानाच तिच्यात थोडा पीळ भरून ठेवतात, त्यामुळे नुसती हाताळली तर ती हट्टानं मिटलेलीच राहते. कापडाचं कुळ तर अगदी ओळखीचं निघालं. पॉलिप्रॉपिलीन. खताच्या आणि सिमेंटच्या विणलेल्या गोण्या ज्या जातीच्या धाग्याच्या, त्याच जातीचा हा धागा. फक्त जास्त जाड, जास्त घट्ट विणलेला, आणि उन्हानं कुजू नये म्हणून काजळीचा काळा रंग पोटात घेतलेला. आमच्याकडे दर घरात अशा गोणीचं काहीतरी झालेलं असतं. पावसात डोक्यावर घ्यायची खोळ झालेली असते, पायपुसणं झालेलं असतं, कोंबड्यांच्या खुराड्याचं दार झालेलं असतं. तिची एक चुलत बहीण जत्रेत कमावते आहे हे घरात सांगायला हवं.

स्प्रिंगेचं गणित ज्यानं मांडलं तो रॉबर्ट हूक महाराजांचा समकालीन. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा हेन्री ऑक्झेंडेन हा इंग्रजांचा वकील नजराणा घेऊन गडावर हजर होता. त्याच काळात तिकडे लंडनमध्ये हूक स्प्रिंगांना वजनं टांगून त्या किती लांबतात ते मोजत होता. १६७६ साली त्यानं आपला नियम छापला, पण अक्षरं विस्कटून, नुसती वर्णक्रमानं मांडून. म्हणजे शोधाचा मान आपल्याकडे राहावा आणि शोध काय ते कुणाला कळू नये. दोन वर्षांनी, १६७८ साली, त्यानं स्वतःच ते कोडं फोडलं: स्प्रिंग जेवढी ताणाल तेवढ्याच प्रमाणात ती मागे ओढते. दुप्पट ताण, दुप्पट ओढ. जंपिंगच्या घमेल्यातली प्रत्येक स्प्रिंग हा नियम पाळते, आणि मैदानातली ती एकमेव शिस्तीची मंडळी असावीत.

आता खाली येण्याचा हिशोब. १ मीटर उंचीवरून येणारं पोर खाली टेकताना ताशी १६ किलोमीटरच्या आसपास वेगात असतं. हा वेग कुठेतरी जिरवावा लागतो. आमच्याकडची जमीन म्हणजे वर बोटभर माती आणि खाली काळा कातळ. ती थांबायला सवड देत नाही. समजा अंग ५ सेंटिमीटरांत थांबलं, तर थांबवणाऱ्याला सरासरी त्या पोराच्या वजनाच्या २१ पट जोर लावावा लागतो. तेच अर्ध्या मीटरात सावकाश थांबलं तर ३ पट पुरतो. पडणं तेच, वेग तोच, वजन तेच. फरक फक्त थांबायला मिळालेल्या जागेचा. जंपिंगवाला ही अर्ध्या मीटरची जागा भाड्यानं देतो. छत्री निजामपूरच्या त्या सेवकालाही असंच काहीतरी मिळालं असावं, नाहीतर गावाचं नाव वेगळं पडलं असतं.

बरं, थांबवून तो गप्प बसत नाही. ताणलेल्या स्प्रिंगा मिटतात आणि पोराचं पोराला परत करतात. सगळं नाही, थोडं कापडाच्या घर्षणात जातं, थोडं वाऱ्यात, थोडं स्प्रिंगा कोमट होण्यात. ती तूट पोर दरवेळी गुडघ्यांतून भरतं. ताठ उभं राहिलं की तीन-चार हेलकाव्यांत उडी विझते. भाच्याला मी हे समजावून सांगितलं. तो म्हणाला, ‘‘मामा, तुम्ही फक्त तिकीट काढा.’’

इथे एसटीचा विषय निघणं अटळ आहे. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण २०११ साली सुरू झालं आणि माणगाव-इंदापूरच्या पट्ट्यानं प्रवाशांना इतकी वर्षं जे उडवलं त्याला तोड नाही. शेवटच्या बाकावर बसलेला मनुष्य खड्ड्यागणिक टपाला डोकं लावून येत असे, तेही अर्ध्या तिकिटात नव्हे. गॅरेजवाल्यांना याचं कारण पक्कं ठाऊक असतं. गाडीचं वजन पाटे पेलतात. पाटे म्हणजे स्प्रिंगच. पण नुसत्या पाट्यांवर सोडली तर गाडी एका खड्ड्यानंतर दहादा नाचेल, म्हणून शॉकअप बसवतात. आत तेल असतं, ते बारीक भोकातून जाताना उडीचा जोर खाऊन टाकतं. ट्रॅम्पोलिन म्हणजे शॉकअप काढून घेतलेली गाडी. उडी मरू नये हाच तिथे हेतू. शॉकअप गेलेली एसटी आणि ट्रॅम्पोलिन यांत यंत्रशास्त्राच्या दृष्टीनं काही फरक राहत नाही, फक्त एसटीत चपला काढायला लावत नाहीत.

खाली येण्याचा बंदोबस्त माणूस फार पूर्वीपासून करत आलेला आहे. अलास्कातले इनुपियात लोक व्हेलची शिकार साधली की कातड्याची मोठी चादर वीस-तीस जणांनी कडेनं धरून तिच्यावरून माणूस आभाळात उडवतात आणि परत तिच्यावरच झेलतात. हा त्यांचा नलुकातक नावाचा सण. अमेरिकेत १८८७ साली थॉमस ब्राउडर यांनी आगीच्या बंबावाल्यांसाठी झेलायची गोल जाळी काढली. कडं धरून खाली जवान उभे, वरच्या खिडकीतून माणसानं उडी टाकायची. पुढे उंच शिड्या आल्या आणि ती अडगळीत गेली. पण ट्रॅम्पोलिन ज्या जाळीतून जन्मलं ती सर्कशीतली. झुल्यावरचे कसरतपटू खेळ संपला की शिडीनं उतरत नाहीत. खालच्या जाळीत स्वतःला सोडून देतात, जाळी त्यांना उसळवते, एक कोलांटी घेऊन ते उभे राहतात, आणि टाळ्या बऱ्याचदा त्या शेवटच्या उसळीलाच जास्त पडतात. सर्कस म्हटलं की मराठी माणसानं मान ताठ करायला हरकत नाही. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली ग्रेट इंडियन सर्कस उभी केली ती हिंदुस्थानातली पहिली. म्हणजे सर्कस आपल्याकडे तेव्हापासून. तिच्यातून सुटा धंदा काढायचं मात्र आपल्यापैकी कुणाला सुचलं नाही.

ते सुचलं अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या जॉर्ज निसन या पोराला. जिम्नॅस्टिक्स करणारं पोर, सर्कस बघताना त्याच्या मनात आलं की या उसळीवर खेळ संपवतात कशाला, इथून तर सुरू करायला हवा. १९३०च्या दशकात त्यानं आणि त्याचे प्रशिक्षक लॅरी ग्रिसवोल्ड यांनी लोखंडी चौकट करून तिच्यात कॅनव्हास ताणून बसवलं. १९४२ साली कंपनी काढली, १९४५ साली पेटंट मिळालं. मधल्या महायुद्धात वैमानिकांना उलटंपालटं होण्याची सवय व्हावी म्हणून या चौकटींवर उड्या मारायला लावत. निसनला जाहिरातीचं अंग होतं. १९६० साली त्यानं न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये भाड्यानं कांगारू आणलं आणि त्याच्यासोबत ट्रॅम्पोलिनवर उड्या मारताना फोटो काढून घेतला. कांगारू लाथ मारतं, म्हणून त्याचे पुढचे पंजे धरून ठेवायचे, एवढी युक्ती तो शिकून घेतलेला. न्यूयॉर्कमध्ये कांगारू भाड्यानं मिळतं ही माहिती मला जास्त धक्कादायक वाटली. आमच्याकडे वरातीला घोडा मिळवताना नाकी नऊ येतात.

पहिली जागतिक स्पर्धा १९६४ साली लंडनला झाली आणि २००० साली सिडनीत ट्रॅम्पोलिन ऑलिंपिकमध्ये गेलं. दोन्ही सुवर्णपदकं रशियानं नेली, मोस्कालेन्को आणि कारावायेवा यांनी. निसन तेव्हा हयात होता. गेला तो २०१० साली. स्पर्धेचं कापड ४.२८ मीटर लांब आणि २.१४ मीटर रुंद असतं, आणि ते सलग नसतं. बारीक पट्ट्या जाळीसारख्या विणून केलेलं असतं, म्हणजे खालची हवा अडकत नाही आणि उसळी जोरात मिळते. खेळाडूनं न थांबता १० कसरती करायच्या. आता तर हवेत किती वेळ काढला त्याचेही गुण देतात; वरच्या दर्जाचे पुरुष खेळाडू १० उड्यांत मिळून १७-१८ सेकंद अधांतरी असतात.

आणि या अधांतरी असण्यात एक गंमत आहे जी मला कुणी शाळेत सांगितली नाही. पाय कापडापासून सुटले की परत टेकेपर्यंत माणूस वजनरहित असतो. खाली येतानाच नव्हे, वर जातानासुद्धा. अंतराळवीर यानात तरंगतात ते याच कारणानं, त्यांचं फक्त टेकणं लांबलेलं असतं. २००१ साली डेनिस टिटो नावाचा अमेरिकन गृहस्थ अंतराळातला पहिला पर्यटक झाला, त्यानं त्यासाठी सुमारे २ कोटी डॉलर मोजल्याचं तेव्हा छापून आलं होतं. जत्रेतलं पोर पाच मिनिटांच्या तिकिटात बराच वेळ तीच अवस्था भोगतं, तुकड्यातुकड्यांनी का होईना. शिवाय खाली उतरल्यावर त्याला कांदाभजी मिळते.

उपयोगाचं म्हणाल तर यादी मोठी आहे आणि तिच्यातला बराच भाग मला कंटाळवाणा वाटतो. अति चळवळ्या मुलांना अंगाचा तोल कळावा म्हणून उपचारकेंद्रांत छोटी ट्रॅम्पोलिनं ठेवतात, हे ऐकून बरं वाटतं. पाण्यात सूर मारणारे आणि बर्फावरून घसरणारे खेळाडू कमरेला दोर बांधून त्यावर कोलांट्या घोटवतात. व्यायामाची ताटाएवढी ट्रॅम्पोलिनं शहरात पलंगाखाली सरकवून ठेवलेली असतात, आणि बहुतेक तिथेच राहतात. ती विकताना अजून नासाचं नाव घेतात. १९८० साली नासाच्या संशोधकांनी धावणं आणि ट्रॅम्पोलिनवर उड्या मारणं यांची तुलना छापली होती हे खरं. त्यासाठी ८ तरुण तपासले होते. त्या आठ जणांच्या पायांवर गेली चाळीसहून जास्त वर्षं माल खपतो आहे. मुंबई-पुण्यात तर बंदिस्त गोदामात भिंतीपासून भिंतीपर्यंत ट्रॅम्पोलिनं लावलेली असतात. भाचा तिथे वाढदिवसांना जातो. तिथे खाली रबरी ठिपके असलेले मोजे घालावे लागतात आणि ते तिथेच विकत घ्यावे लागतात. उडीचे वेगळे, उतरण्याचे वेगळे, आणि पायाचे वेगळे. जत्रेतला आमचा गडी त्या मानानं साधुपुरुष.

तिन्हीसांजेला जंपिंग सुरू झालं. शिट्टी गळ्यात, एका खणात एकच पोर, हा त्याचा नियम, आणि गर्दी वाढली तरी त्यानं तो सोडला नाही. दोघे भाऊ एकत्र घुसायला बघत होते, थोरला दहाचा, धाकटा पाचचा. त्यानं दोघांना कॉलरीला धरून वेगळं केलं. आई रागावली, ‘‘अहो, भाऊच आहेत सख्खे!’’ तो म्हणाला, ‘‘ताई, म्हणूनच.’’ त्याचं बरोबर होतं. थोरला कापडावर आदळून स्प्रिंगा ताणतो आणि नेमकं त्याच क्षणी धाकट्याचे पाय टेकले, तर थोरल्यानं साठवलेला सगळा जोर धाकट्याच्या पायाखाली सुटतो. तो भलत्याच उंचीवर भलत्याच दिशेला जातो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१२ साली सांगून ठेवलं आहे की ट्रॅम्पोलिनवरच्या दुखापतींपैकी सुमारे तीन चतुर्थांश एकाच वेळी अनेक जण उड्या मारत असताना होतात, आणि त्यांत लहानग्यांना जास्त लागतं. घरच्या अंगणात ही वस्तू नकोच, असा त्यांचा सल्ला आहे. जंपिंगवाल्यानं तो वाचलेला असण्याचं कारण नाही. त्यानं पोरं बघितलेली आहेत.

जाळीला टेकून एक आजी उभ्या होत्या. नऊवारी, हातात नारळाची पिशवी, पोलादपूरकडून पालखी बघायला आलेल्या. बराच वेळ त्यांनी पोरांचं वरखाली निरखलं, मग मला विचारलं, ‘‘किती घेतो रं हा?’’

मी सांगितलं.

‘‘आन् पोरगं जातं कुठं?’’

‘‘कुठं नाही आजी. तिथंच वर जातं, तिथंच खाली येतं.’’

आजींनी पदर तोंडाला लावला. ‘‘मी पंचाहत्तरीपार. मला यष्टी कापड्यापरत फुकाट नेते. आन् हा जाग्यावर उडवायचं पैसं घेतो!’’ पण त्या हलल्या नाहीत. नातवाची पाळी आली तेव्हा कनवटीची नोट त्यांनीच काढली, आणि तो वर गेला की त्यांची मान वर, खाली आला की मान खाली, अशी पाच मिनिटं त्यांनी स्वतःही वसूल केली.

भाच्याची पाच मिनिटं संपली तेव्हा तो घामानं निथळत होता आणि जमिनीवर पाय ठेवल्याबरोबर एकदम वेंधळ्यासारखा उभा राहिला. ट्रॅम्पोलिनवरून उतरल्यावर जमीन फार जड वाटते. पाय उसळीची वाट बघतात आणि ती येत नाही. ‘‘मामा, जमीन बिघडली,’’ तो म्हणाला. पायऱ्यांजवळ चपलांचा ढीग होता. जंपिंगवर पोरं जेवढी उडतात त्याच्या दुप्पट त्यांच्या चपला हलतात, कारण प्रत्येक जण आपल्या चपला दुसऱ्याच्या उपसून शोधतो. भाच्यानं घाईत निळ्या चपला पायात सरकवल्या आणि आम्ही पाळण्याकडे निघालो. चार पावलांत त्याची चाल वाकडी दिसायला लागली. खाली वाकून बघितलं. दोन्ही चपला निळ्या, दोन्ही त्याच मापाच्या, आणि दोन्ही डाव्या पायाच्या.

परत गेलो. ढीग पुन्हा उपसला. उजवी निळी कुठेच नाही. जंपिंगवाल्यानं दोन्ही चपला हातात घेऊन पालथ्या करून बघितल्या, एखाद्या जाणकारासारख्या, मग जवळचा स्टूल माझ्याकडे सरकवला आणि शिट्टी तोंडात घालता घालता म्हणाला,

‘‘बसा भाऊ निवांत. त्याच्या दोन्ही उजव्या हायेत, किती लांब जाणार तो?’’